रेस दिली की पास, सोडली की नापास: बाबांच्या गाडीचा धूर

रिपोर्टवाली

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

बाबांची १९९८ सालची पेट्रोल गाडी आहे. १६०० सीसी, चार सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) कंपनीतूनच आलेला. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. बाबा ७८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चालवणं सोडलं आणि किल्ली मला दिली. किल्लीच दिली, गाडी नाही. मी गिअर टाकला की अजून मागच्या सीटवरून 'क्लच पूर्ण दाब' येतंच.

यंदा धुराच्या चाचणीत गाडी पहिल्यांदा नापास झाली. कागदावरचे आकडे जसेच्या तसे देते (सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती, लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे):

आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना, ८५० आरपीएम: सीओ ०.३ टक्के, एचसी ९४० पीपीएम, सीओटू ११.८ टक्के, ऑक्सिजन ४.१ टक्के, लॅम्डा १.१७.

रेस धरून, २५०० आरपीएम: सीओ ०.२ टक्के, एचसी ११० पीपीएम, सीओटू १४.६ टक्के, ऑक्सिजन ०.७ टक्के, लॅम्डा १.०२.

खाली छापलेली मर्यादा: सीओ ०.३, एचसी २००, लॅम्डा ०.९७ ते १.०३.

म्हणजे रेस दिली की पास, पाय काढला की नापास. गॅरेजवाल्याने आधी प्लग आणि एअर फिल्टर बदलले. मग म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेलाय, तोही बदलला. पुन्हा चाचणीला नेली तर एचसी ९१०. आता तो म्हणतो कन्व्हर्टरच गेला, नवा टाका. आकडा ऐकून मी त्याच्या टायरच्या चळतीवर खाली बसले.

लक्षणं म्हणाल तर सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. जुना फ्रिज बंद होताना कसा अंग झाडतो, तशी. रस्त्यावर पळताना काही तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, म्हणजे बल्ब काढून ठेवलेला नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज शंभर लोकांचे रिपोर्ट हातातून जातात, पण या रिपोर्टसमोर मीच पेशंटच्या नातेवाइकासारखी उभी आहे. कन्व्हर्टर घेऊ का? बाबांचं निदान विचाराल तर ते एका वाक्यात आहे: 'गाडीला काही झालेलं नाही, त्यांचं मशीन खराब आहे.'

घाईत_आहे

एवढा विचार कशाला? टाकीत इंजेक्टर क्लीनरची एक बाटली ओता, हायवेला अर्धा तास पिळा आणि तशीच चाचणीला घाला. माझी दोनदा पास झाली. नाहीच झाली तर आयडलिंगचा वेग थोडा चढवून घ्या, कोणी बघत नाही.

पाना_नंबर_दहा

ताई, कन्व्हर्टर घेऊ नका. निदान आज तरी नको.

मी तीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यातली शेवटची बारा वर्षं गॅस अ‍ॅनालायझर माझ्या टेबलाशेजारीच असायचा. आता सत्तरीला आलोय, हात थरथरतात, पण असा कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्याच धंद्यातलं बोलतो. रिपोर्टात एक आकडा लाल दिसला म्हणून डॉक्टर त्या आकड्याला गोळी देत नाही, शेजारचे चार बघतो. इथे लाल आहे एचसी. एचसी म्हणजे मुळीच न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. ते जळलं का नाही? हवा कमी पडली म्हणून जळलं नसतं, तर सीओ वर गेला असता, कारण सीओ म्हणजे हवेविना अर्धवट जळलेलं. तुमचा सीओ ०.३, काठावर का होईना पण मर्यादेत. आणि ऑक्सिजन बघा, ४.१! ठणठणीत गाडीत तो एकच्या आत असतो. म्हणजे उलट आहे: इंजिनात हवा फार आणि पेट्रोल तिच्या मानाने थोडं. मिश्रण इतकं विरळ की काही फेऱ्यांना ते पेटतच नाही, कच्चंच सायलेन्सरकडे जातं. याला आम्ही मिसिंग म्हणतो. सिग्नलची तुमची थरथर तीच.

'मग ठिणगीच चुकत असेल' असं कोणी म्हणेल. तिथे लॅम्डा कामाला येतो. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, तेवढी मिळाली की लॅम्डा १. लॅम्डाच्या हिशेबात न जळालेलं पेट्रोलही धरलेलं असतं. नुसती ठिणगी चुकली असती तर कच्चं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन जोडीनं बाहेर आले असते आणि लॅम्डा १ च्या आसपासच राहिला असता. तुमचा १.१७ आहे. सतरा टक्के हवा खरोखरच जादा आहे.

ती येते कुठून? तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. तो सांगेल तितक्या हवेला कॉम्प्युटर पेट्रोल मारतो. पण त्या सेन्सरच्या पुढे एखादा रबरी पाइप फाटला असेल तर तिथून न मोजलेली हवा आत घुसते. ऑक्सिजन सेन्सर ओरडून सांगतो की मिश्रण विरळ आहे, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोही, पण किती वाढवायचं याला त्याची हद्द आहे. हद्दीपलीकडे तोही हात टेकतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, रेस दिली की सगळं ठीक कसं? भोक तेवढंच राहतं हो. आयडलिंगला इंजिन घोटभर हवा पितं आणि थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी झडप) बंद असल्याने त्यामागे ओढ जोराची असते, त्यामुळे भोकातून येणारी हवा त्या घोटात मोठा वाटा घेते. २५०० ला इंजिन बादलीने पितं. बादलीत चमचाभर कमीजास्त कोणाला कळतं?

याच कारणाने मी म्हणतो की कन्व्हर्टर जिवंत असावा. मेला असता तर २५०० ला सीओ ०.२ आणि एचसी ११० असे स्वच्छ आकडे आले नसते. मात्र वेळही काढू नका. कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली चिनी मातीची जाळी तापून वितळते, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. मी असे कन्व्हर्टर कापून पाहिलेत. मधमाश्यांच्या पोळ्यावर मेणबत्ती धरल्यासारखी आत गुठळी झालेली असते.

एक शंका आधी फेडून घ्या. सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ फुटका असला तर बाहेरची हवा धुरात मिसळूनही ऑक्सिजन आणि लॅम्डा वाढलेला दिसतो. पण नुसत्या पाणी घातलेल्या दुधासारखं असेल तर बाकीचे आकडे पातळ होऊन खाली यायला हवेत. तुमचा एचसी ९४० वर गेलाय. म्हणून माझं बोट आतल्या गळतीकडेच आहे. तरी थंड इंजिन सुरू करून फडफड असा आवाज येतो का ते ऐका.

शोधायचं कसं: हातभर लांबीची बारीक रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं टोक चालू इंजिनच्या रबरी पाइपांजवळून हळूहळू फिरवा. गळतीपाशी सापासारखा फूत्कार येतो. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या वाटेत) परत आणणारा ब्रीदर पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गास्केट, इंजेक्टरखालच्या रबरी रिंगा, या क्रमाने जा. मग साबणाचं पाणी फवारा. गळती असेल तिथे ते आत ओढलं जातं आणि इंजिनचा सूर क्षणभर बदलतो. कार्बोरेटर क्लीनर फवारून शोधणारे पुष्कळ आहेत, मीही तरुणपणी केलं, भुवया जाळून घेतल्या. गरम एक्झॉस्टवर ते नको. केस बांधा, बाही वर करा, पंख्यापासून हात लांब. पंखा न सांगता सुरू होतो.

आणि घाईत_आहे, तुमची बाटली वाईट नाही, इंजेक्टर चोंदला असेल तर ती उपयोगी पडते. पण फाटलेल्या पाइपाला ती काय करणार? आयडलिंग चढवून कागद मिळेलही, थरथर मात्र घरी येईल.

चोक_ओढा

काकांचा शब्द न् शब्द खरा. माझ्याकडे १९८४ ची कार्बोरेटरवाली आहे, तिला कन्व्हर्टर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. एक स्क्रू आहे आणि मी आहे. पीयूसी म्हणा, एमिशन टेस्ट म्हणा, दरवर्षी आमची दोघांची परीक्षा.

ताईंच्या कामाचं नाही, पण कार्बोरेटरवाले कोणी वाचत असतील म्हणून लिहितो. सगळे सीओ कमी करायला आयडल मिश्रणाचा स्क्रू आवळत सुटतात. पहिले काही पाव-पाव फेरे छान वाटतं, सीओ उतरतो, एचसीही उतरतो. मग एका पाव फेऱ्यात एचसी एकदम उसळतो. तिथे मिश्रण इतकं विरळ झालेलं असतं की सिलिंडर पेटायला नकार देतो. म्हणजे ताईंचंच दुखणं, पण आपल्या हाताने केलेलं. जिथे उसळला तिथून अर्धा फेरा मागे या, आयडलिंगचा वेग पुन्हा जुळवा, आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घाला. दोन वर्षांपूर्वी माझा सीओ काही केल्या उतरेना. तीन दिवस स्क्रूशी कुस्ती झाली. शेवटी बघतो तर चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेची) वायर गंजून अडकलेली, चोकची पाकळी पाव भाग बंद. बायको म्हणाली, 'दट्ट्या आत ढकलून बघितलास का?' नव्हता बघितला.

रिपोर्टवाली

सापडलं!! काका, कुठे असाल तिथे नमस्कार.

काल सकाळी माशांच्या टाकीची नळी घेऊन बसले. ब्रेक बूस्टरचा पाइप शांत. मॅनिफोल्डच्या कडेने फिरवली, शांत. मग इनटेकच्या खालच्या बाजूला नळी नेली आणि कानात कोणीतरी दातातून हवा ओढल्यासारखं झालं. वरून काहीच दिसत नव्हतं. पर्समधला आरसा आणि फोनचा टॉर्च घेऊन खालून पाहिलं तर ब्रीदर पाइपचा काटकोनी तुकडा. वरची बाजू ठीक, खालची ऑइल पिऊन फुगून स्पंजासारखी मऊ झालेली आणि तिला बोटाच्या पेराएवढी चीर. चिरेभोवती काळं, चिकट काहीतरी लोंबत होतं.

मी दोन बोटांनी ती चीर दाबून धरली. काका, मी हे कसं लिहू कळत नाही. थरथर थांबली. हेडलाइटच्या काचेवर पाण्याचा थेंब थरथरत होता तो स्थिर झाला. बोटं काढली की पुन्हा सुरू, दाबली की बंद. मी हे चार-पाच वेळा नुसतं मजेखातर केलं. बाबांना हाक मारली, त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, 'ब्रीदरचा असेल.'

असेल म्हणजे?

बाबांची एक डायरी डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक पंक्चर, तारीख आणि किलोमीटरसकट. त्यांनी ती मागवून घेतली, चष्मा लावला, आणि बोट ठेवून दाखवलं. चौदा वर्षांपूर्वीची नोंद: 'ब्रीदर पाइप एल्बो, खालून तडा. तूर्त टेप मारली. नवीन आणणे.' लोंबणारं काळं काय होतं ते कळलं. 'नवीन आणणे' पुढे बरोबरची खूण नाही.

जुन्या मॉडेलचा असल्याने तो तुकडा मिळायला चार दिवस लागतील असं सांगितलंय. तोवर साधा पाण्याचा पाइप कापून लावू का?

पाना_नंबर_दहा

चौदा वर्षं टेप टिकली म्हणजे बाबांनी मारली छानच होती, हे त्यांना सांगा.

पाण्याचा पाइप नको. तिथे ऑइलची वाफ असते आणि ओढ असते. साधं रबर महिनाभरात मऊ होईल आणि ओढीने चपटं होऊन बंद पडेल. ब्रीदर बंद झाला की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं. चार दिवस थांबा. नवा तुकडा लावताना त्याच वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती वाफ सोडणारी झडप) काढून कानाजवळ हलवून बघा, खुळखुळला पाहिजे. नाही खुळखुळला तर बदला, छोटीशी वस्तू आहे. आणि ऑइल कधी बदललंय? इतके दिवस कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरलं असणार. ते ब्रीदरमधून वाफ होऊन पुन्हा इनटेकमध्ये येतं आणि एचसी चढवतं. बदलून टाका, मगच चाचणीला जा.

काळा_धूर

मध्येच घुसतो, माफ करा. डिझेलला यातलं काय लागू पडतं? माझी २००३ ची आहे, धूर काळा.

पाना_नंबर_दहा

डिझेलची चाचणीच वेगळी. तिथे वायू नाही, काजळी मोजतात. धुरातून प्रकाश किती अडतो ते बघतात, आणि त्यासाठी उभ्या गाडीची रेस झटक्यात शेवटपर्यंत देतात, तीही अनेकदा. म्हणून पहिलं काम, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते बघा. म्हातारा बेल्ट या झटक्यात तुटला तर धूर राहिला बाजूला, व्हॉल्व्ह वाकतील. ऑइलची पातळीही खुणेच्या वर नको. मग एअर फिल्टर, इंजेक्टर, आणि टर्बो असेल तर त्याच्या पुढचे पाइप: डिझेलमध्ये ते फाटले की हवा बाहेर जाते आणि धूर काळा होतो. घाईत_आहे म्हणतात ती हायवेची फेरी डिझेलला खरोखर उपयोगी आहे, शहरात साठलेली काजळी निघून जाते. बाकी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

रिपोर्टवाली

आनंद लवकर व्यक्त केला.

नवा एल्बो बसला, व्हॉल्व्ह खुळखुळला, ऑइल आणि फिल्टर नवे. गाडी आता सिग्नलला इतकी गप्प उभी राहते की मी दोनदा बंद पडली समजून किल्ली फिरवली आणि स्टार्टरने दात करकरवले. आज चाचणी. रेसवर सगळं पास. आयडलिंगला: सीओ ०.४, एचसी २६०, सीओटू १४.२, ऑक्सिजन ०.९, लॅम्डा १.०२. थोडक्यात नापास!

लॅम्डा आता मर्यादेत आहे, मग सीओ आणि एचसी दोन्ही थोडे थोडे वर का? आता खरंच कन्व्हर्टर का?

सुई_खाली

माझ्या गाडीला असंच झालं होतं, तीनदा नापास. कारण निघालं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारी झडप. तो उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिन कधी पुरेसं तापतच नव्हतं. तापमानाची सुई पाव भागाच्या वर कधी गेलीच नाही आणि मला वाटायचं वा, किती थंड चालते गाडी. कॉम्प्युटर बिचारा इंजिन थंड आहे समजून जादा पेट्रोल मारत बसलेला. तुमची सुई कुठे असते?

रिपोर्टवाली

मध्यावर. दहा मिनिटांत मध्यावर येते आणि तिथेच राहते. आजही तिथेच होती, म्हणजे निघताना. तिथे पोचल्यावर मोठी रांग होती, चाळीस मिनिटं गाडी बंद करून बसलो. बाबांनी पेट्रोल वाचवायला बंद करायला लावली.

पाना_नंबर_दहा

मिळालं उत्तर. तुम्हीच दिलंत.

इंजिन लोखंडाचं, पाण्याने वेढलेलं, ते तासभर ऊब धरतं. कन्व्हर्टर पातळ जाळीचा, गाडीखाली वाऱ्यावर. त्याला काम सुरू करायलाच अडीचशे-तीनशे अंश लागतात. त्याच्याखाली त्यातला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम नुसता दागिना. चाळीस मिनिटांत तो पार निवला. तुमची सुई पाण्याची उष्णता सांगते, कन्व्हर्टरची नाही. तुमच्या कागदावर लॅम्डा १.०२ आहे, म्हणजे इंजिन आपलं काम करतंय, उरलंसुरलं पुसणारा मात्र झोपलाय. नवी गाडी यातूनही निभावून जाते. २७ वर्षांच्या कन्व्हर्टरची धार थोडी बोथट झालेली असणारच, त्याला तापवून न्यावं लागतं.

पुढच्या वेळी वीस मिनिटं जरा मोकळ्या रस्त्यावर चालवा, टॉपऐवजी एक गिअर खाली ठेवा. रांग असेल तर इंजिन चालू ठेवा. तुमचा नंबर यायच्या आधी दोन-तीन मिनिटं २५०० वर धरा. एसी, पंखा, दिवे बंद. चाचणीवाल्याला सांगा की आयडलिंगचं माप रेसच्या मापानंतर लगेच घ्या, वेळ लावू नका. नीट बोललं की बहुतेक जण ऐकतात. ही लबाडी नाही हं. चाचणी तापलेल्या इंजिनची असते, तुम्ही ते तापवून आणताय एवढंच.

आणि ही सगळी धावपळ बॅटरी काढून ठेवून करू नका. तुमच्या मॉडेलचं माहीत नाही, पण ज्या गाड्यांत ओबीडी-टू (गाडीच्या कॉम्प्युटरची स्वतःला तपासायची सोय) आहे, अमेरिकेत १९९६ पासूनच्या, युरोपात पेट्रोल असेल तर २००१ पासूनच्या, त्यांत बॅटरी काढली किंवा स्कॅनरने कोड पुसले की कॉम्प्युटरची स्वतःची तपासणी शून्यापासून सुरू होते. ती पुरी व्हायला बरीच वेगवेगळी चालवाचालव लागते. आदल्या रात्री चेक इंजिनचा दिवा असा विझवून सकाळी चाचणीला येणारे असेच परत जातात.

चोक_ओढा

मला नेहमी वाटतं रांगेत गाडी बंद करणारे बाबा आणि ती चालू ठेवा म्हणणारे काका यांना एकदा समोरासमोर बसवावं. लांबून ऐकेन मी.

रिपोर्टवाली

शेवटचं लिहिते, मग तुम्हाला त्रास देत नाही.

आज सकाळी लवकर निघालो. बाबा मागे, डायरी मांडीवर. चौथ्या गिअरमध्ये वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर. बाबा दर दोन मिनिटांनी 'पाचवा टाक, पाचवा टाक'. रांगेत पुढे तीनच गाड्या होत्या. मी इंजिन चालू ठेवलं. बाबांनी एकदा किल्लीकडे पाहिलं, मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघू लागले.

नळी सायलेन्सरमध्ये घातली. चाचणी घेणारा मुलगा विशीतला असेल. मी त्याला म्हटलं, आयडलिंगचं लगेच घ्याल का, जुनी आहे. तो म्हणाला, माहितीये, आणि रेस सोडल्या सोडल्या बटण दाबलं. आकडा उतरताना बघणं म्हणजे लॅबमधल्या सेंट्रीफ्यूजची वाट बघण्यासारखं. एचसी १९०, १३०, ९०. शेवटी कागदावर छापून आलं:

आयडलिंग: सीओ ०.१, एचसी ७०, सीओटू १५.०, ऑक्सिजन ०.४, लॅम्डा १.०१.

पास.

कन्व्हर्टर जुनाच आहे. ऑक्सिजन सेन्सर नवा उगाचच पडला. जुना मी मागून घेतलाय, बाबांनी तो फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलाय, 'असू दे, लागतो'. डायरीत 'नवीन आणणे' पुढे त्यांनी आज बरोबरची खूण केली, खाली तारीख आणि किलोमीटर.

काका, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, 'बघ. मशीन दुरुस्त करून घेतलेलं दिसतंय त्यांनी.'